मिस्सेची वाचने, लक्ष्मीबाई आणि रोजच्या वीस ओव्या

दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेली मुलेमुली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर विचारतात, "वाचायला सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या मोबाइलवर एखादे इंग्रजी भक्तिपुस्तक पडून असते, दहाव्या पानावर अडकलेले. माझे सांगणे एकच: घरात मराठी बोलता ना, मग आधी मराठीतून वाचा.

पहिली खरेदी बायबलची. दुकानातच अनुक्रमणिका उघडून टोबीत आणि मक्काबी आहेत का ते बघा. सहज मिळणारे 'पवित्र शास्त्र' 66 पुस्तकांचे असते, कॅथोलिक बायबल 73 पुस्तकांचे. आणि उत्पत्तीपासून सलग वाचायचा हट्ट नको. तिसऱ्या, लेवीय या पुस्तकापर्यंत भल्याभल्यांचा दम निघतो. मी रविवारच्या मिस्सेतल्या वाचनांच्या मागोमाग जाते. वर्षाच्या आकड्याला तीनने भाग गेला की लूकच्या शुभवर्तमानाचे वर्ष, पुढचे मत्तयचे, त्यानंतर मार्कचे. आपले उपासना-वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळात सुरू होते, म्हणून तेव्हापासूनच पुढच्या वर्षाचा आकडा धरायचा. मार्क लहान, त्यामुळे त्याच्या वर्षी श्रावणाच्या सुमारास पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो. शनिवारी रात्री वाचने मोठ्याने वाचावीत. लेक्टर (मिस्सेत वाचन करणारा) म्हणून नाव लागले असेल तर जास्तच. पौलाच्या पत्रांतली नावे ऐन वेळी जिभेवर येत नाहीत.

यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. "त्या तर प्रॉटेस्टंट!" असे कुणीतरी म्हणणारच. म्हणू दे. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही बाई आपल्याच गोदाकाठची. सुरुवातीलाच वडिलांचे सोवळ्याचे वेड येते. वडिलांच्या सासऱ्यांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली आणि तेव्हापासून ते वेड घरात शिरले. सगळ्या घरादाराचा जाच, पण लक्ष्मीबाई तो सांगतात हसतहसत. 1895 मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावरचा त्यांचा आकांत आणि मग हळूहळू झालेला स्वतःचा पालट कुठल्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मिळणार नाही. पुस्तक सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) मागा. 1840 पासूनचे वाचनालय आहे, एवढे तर असेलच.

कादंबऱ्या वाचताना काहींना उगाच अपराधी वाटते. त्यांनी पोप फ्रान्सिस यांचे 2024 चे साहित्यवाचनावरचे पत्र वाचावे. तरुणपणी अर्जेंटिनातल्या सांता फे इथल्या शाळेत ते साहित्य शिकवत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने स्पॅनिश काव्य होते, पोरांना हवा होता आधुनिक कवी लोर्का. त्यांनी 'एल सिद' घरी वाचायला लावले आणि वर्गात पोरांच्या आवडीचे घेतले. त्यांचेच 2015 चे पर्यावरणावरचे परिपत्रक 'लाउदातो सी' 246 परिच्छेदांचे आहे. क्रमांक घातलेले असल्याने रोज एक वाचता येतो, आणि आपल्या गोदावरीची अवस्था बघता ते परके वाटत नाही.

सध्या माझ्याकडे 'ख्रिस्तपुराण' चालू आहे. मराठीला भाषांमधली रत्नकिळा म्हणणारी त्यातली ओवी भाषणांत सगळे म्हणतात, पुढे फारसे कुणी जात नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाचा (येशूसंघाच्या धर्मगुरूचा) हा ग्रंथ 1616 मध्ये गोव्यात छापला गेला, सुमारे 11,000 ओव्यांचा. पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे येशूचे. कोकणी शब्द मधेमधे अडवतात. फादर नेल्सन फलकाव यांचे आजच्या मराठीतले रूप शेजारी ठेवले की गाडी चालते. रोज वीसेक ओव्या, आणि त्याही तोंडाने म्हणून. मनातल्या मनात वाचल्या तर कंटाळा येतो.