मेसेज पोचला, पण बाळाच्या पोटात काय गेलं? माता-बाल पोषणाच्या कामातल्या या चुका टाळा

गरोदर बायकांना आणि लहान बाळांच्या आयांना मोबाइलवर पोषणाचे मेसेज पाठवायचे, जोडीला समुपदेशन करायचं, असं काम सुरू झालं की महिन्याभरात स्क्रीनवर 'डिलिव्हर्ड'चे आकडे झकास दिसतात. बाळाचं वजन मात्र जागचं हलत नाही. मग आयांना बोल लावला जातो, "कितीही सांगा, ऐकतच नाहीत!" त्याआधी आपलं काय चुकतंय ते बघू.

विसरलेलीला आणि घाबरलेलीला एकच मेसेज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'गोळी घ्यायला विसरू नका' हा मेसेज विसरणारीच्या कामाचा. गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण गोळी बंद करणाऱ्या कितीतरी जणी विसरलेल्या नसतात. मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं म्हणून त्या धास्तावलेल्या असतात. त्यांना रोज आठवण करून देणं म्हणजे रोज टोचणं. त्यांना समोर बसून सांगावं लागतं, की लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घेऊन बघा. चहा-कॉफीसोबत मात्र नको, लोह नीट अंगी लागत नाही.

'दूध कमी येतंय' हेही तसंच. बाळाने स्तन नीट तोंडात धरलाय का, हे मेसेजला दिसत नाही. समुपदेशकाने एकदा पाजताना बघावं, बाळ दिवसभरात किती वेळा लघवी करतं ते विचारावं, वजन बघावं. बऱ्याचदा दूध पुरेसं असतं, कमी पडलेला असतो तो आईला धीर.

'देता ना?' असं विचारणं

"बाळाला वरचं अन्न देता ना?" या प्रश्नाला "हो" शिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी "काल सकाळपासून रात्री झोपेपर्यंत बाळाने काय काय खाल्लं?" असं विचारा आणि गप्प बसा. (गप्प बसणं हाच या कामातला सर्वांत अवघड भाग.) सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या खाण्यात, आईचं दूध धरून, ८ अन्नगटांपैकी (धान्य, डाळी, अंडी, भाज्या यांसारखे) किमान ५ यावेत असा निकष आहे. पण म्हणून राहिलेल्या गटांची यादी वाचून दाखवू नका. या आठवड्यात जमेल असा एकच बदल तिच्याच तोंडून ठरवून घ्या. पुढचा मेसेज त्याच बदलाचा हवा. भेटीत एक आणि मेसेजमध्ये भलतंच, असं झालं की दोन्ही वाया जातं.

अक्षरांचा हिशेब

साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीची फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर, पण मोजताना सहा. मजकूर वाढला की तुकडे पडतात आणि पैसेही तुकड्यांप्रमाणे लागतात. 'संतुलित व पौष्टिक आहार घ्यावा' यात जागा गेली, करायचं काय ते कळलंच नाही. सात महिन्यांच्या बाळासाठी 'आज बाळाला ३ वेळा मऊ अन्न भरवा. दूध चालू ठेवा.' एवढं पुरतं, आणि ते ४५ मध्ये बसतं.

चुकलेली वेळ

जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करा, हा मेसेज बाळंतपणानंतर पोचून काय उपयोग? तो प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या काही आठवडे आधीपासून जायला हवा, कारण बाळं तारीख बघून येत नाहीत. वरच्या अन्नाचा मेसेज चौथ्या महिन्यात गेला तर काहीजणी तेव्हाच सुरू करतात. तो सहा महिने भरता भरता जावा. जन्माची खरी तारीख कळली की यादी त्याच दिवशी बदला.

आणि गर्भ किंवा बाळ गेलं असेल, तर मेसेज ताबडतोब थांबले पाहिजेत. अशा आईच्या फोनवर 'तुमचं बाळ आता हसू लागेल' असं येणं ही निव्वळ क्रूरता आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१४ साली सुरू झालेल्या 'मॉमकनेक्ट' या गरोदर बायका आणि आयांसाठीच्या मेसेज सेवेत अशा आईचे नेहमीचे मेसेज बंद करून तिला आधाराचे मेसेज पाठवायची सोय ठेवली. तुमच्या यादीत ही सोय नसेल, तर बाकी काही करण्याआधी ती करा.

फोन कुणाच्या खिशात?

नोंदणी करताना नंबर घेतो, पण फोन दिवसभर कुणाकडे असतो, वाचतं कोण, हे विचारत नाही. तिला वाचायला जड जात असेल तर आवाजी मेसेज पाठवा. फोन नवऱ्याकडे असेल तर तिची परवानगी घेऊन त्यालाही उद्देशून लिहा, खाजगी बाबी मात्र भेटीसाठी ठेवा. उत्तराला नंबर दिला असेल तर पलीकडे माणूस हवा. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, असं कुणी कळवलं तर मेसेजने सल्ला देत बसू नका, थेट दवाखान्यात पाठवा.

पुढच्या भेटीत तिला शेवटचा मेसेज उघडायला सांगा आणि विचारा, "यातलं काय जमलं नाही?"