मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) वेळ घेताना एवढं विचारा

फोनवर ‘किती पैसे?’ याच्या आधी विचारा: मशीन पूर्ण डिजिटल आहे की कॅसेटवालं? प्रत्येक फोटोनंतर कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालत असतील, तर ते सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी), म्हणजे कॅसेटवालं. स्तन घट्ट पेशींचे असतील, विशेषतः पन्नाशीच्या आत, तर पूर्ण डिजिटलच बरं. फोटो कोण काढणार, तेही विचारा. प्रशिक्षित टेक्निशियन बाई असेल तर उत्तम. स्तन नीट दाबून बसवणं हे हाताचं कसब आहे, ते चुकलं की महागडं मशीनही काय करणार? रिपोर्टवर रेडिओलॉजिस्टची सही हवी, मशीनला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी हवी. जुन्या फिल्म सोबत न्या. आणि त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको. त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात.