तोरणाचं बी मे महिन्यातच धरा

तोरण हे रानातलं काटेरी झुडूप. मुरबाड-शहापूरच्या रानातली त्याची पांढरी फळं, म्हणजे तोरणं, करवंदांबरोबर ठाण्याच्या बाजारात येतात ती एप्रिल-मे महिन्यांत. बांधावर जितं कुंपण करायचं असेल, तर बी धरायची वेळही हीच. एकदा पाऊस लागला की फळं गळून कुजतात.

तोरण बोराच्याच कुळातलं. युरोपातलं बकथॉर्नही याच कुळातलं, पण ते उत्तर अमेरिकेत नेलं आणि तिथली रानं व्यापून बसलं. तोरण आपल्याच मातीतलं आहे. भारत, श्रीलंकेपासून व्हिएतनामपर्यंत आढळतं. म्हणून ते दुर्मीळ नाही. पण एखाद्या गावाच्या हद्दीतून ते सहज नाहीसं होऊ शकतं, आणि याला मोठं कारण आपलीच कोयती आहे. डिसेंबरपासून फांद्यांच्या टोकांना फुलोरा येतो, आणि नेमकं त्याच सुमाराला राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, टहाळ तोडलं जातं. टोक गेलं की त्या वर्षाचं फळ गेलं. उरलेलं वणव्यात जळतं. राबाला ऐन-किंजळीचा पाला घ्या, तोरण सोडा. छाटायचंच तर फळं उतरल्यावर, जूनमध्ये छाटा.

बी धरताना झुडूप नीट ओळखा. तोरणाचं पान रुंद, खालून लवदार, काटा आकडेबाज, पिकलेलं फळ पांढरं. घोटबोराचं फळ टणक, लाकडी. येरुणीचं बारीक आणि काळं.

पूर्ण पिकलेली फळं पाण्यात राख घालून चोळा, गर निघू द्या. गर राहिला तर बुरशी लागते. तरंगणाऱ्या आठळ्या फेकून द्या, बुडालेल्या दोन दिवस सावलीत सुकवा. पेरणीआधी 24 तास पाण्यात भिजवा. तोरणाच्या आठळीचं कवच पातळ असतं, त्यामुळे ती फोडायच्या भानगडीत पडू नका, आतला दाणा चिरडतो.

पिशवी उंच घ्या, कारण सोटमूळ झपाट्यानं खाली जातं आणि आखूड पिशवीत वेटोळं घालतं. असं रोप पुढे बांधावर नीट जोर धरत नाही. दोन भाग तांबडी माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. आठळ्या दोन, खोली दीड ते दोन सेंटिमीटर. तळाला भोकं हवीतच. ठाण्याच्या जुलैत रोपं मरतात ती बहुधा पाणी तुंबून. पंधरवड्यातून एकदा पिशव्या हलवा, नाहीतर मुळं जमिनीत घुसतात.

रोपं पुढच्या जूनमध्ये लावा: 30 सेंटिमीटरचा खड्डा, दोन रोपांत दीड मीटर अंतर. पायवाटेपासून तीन मीटर दूर, कारण फांद्या पसरतात आणि आकडे कपड्यांत अडकतात.

येऊरच्या डोंगरातून बी किंवा रोप आणू नका; ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिथून काही काढायला बंदी आहे. बाजारात पिकलेली तोरणं विकत घ्या, खा, आठळ्या ठेवा. पहिली दोन वर्षं रोपांभोवती काटेरी फांद्यांचा आडोसा ठेवा, शेळ्यांना कोवळा शेंडा फार आवडतो.