पाण्याचा खेळता देखावा करताय? या चुका टाळा

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या साली जन्मलेली लेकरं आता गणपतीच्या देखाव्यासमोर रांगेत उभी असतात. त्यांना पाणी कुठून येतं आणि का आटतं हे दाखवायचं, तर देखाव्याला हात लावू दिलाच पाहिजे. पुढं दोरी बांधून मागं ‘पाणी वाचवा’चा फ्लेक्स लावणं ही पहिली चूक.

आमच्या मंडळानं माशांच्या काचेच्या टाकीत विहीर आणि बोअर केले. विहीर म्हणजे भोकं पाडलेला रुंद पाइप, बोअर म्हणजे बारीक पाइप आणि त्यावर शाम्पूच्या बाटलीचा पंप. लेकरांनी वरून तांब्यानं पाऊस पाडायचा, मग पंप दाबायचा. पहिल्या संध्याकाळी नुसता चिखल झाला, विहिरीत थेंब उतरला नाही. टाकी शेतातल्या काळ्या मातीनं भरली होती! ही माती भिजली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी वरच साचतं. आपल्याकडं भूजल मुरतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. म्हणून खाली खडी, वर धुतलेला मुरूम भरा. न धुतलेल्या मुरमाचं पाणी गढूळ होऊन पातळीच दिसत नाही. काळी माती शेजारच्या बरणीत ठेवा, फरक त्यांना स्वतः बघू द्या.

पंप अडकतोय? पाइपच्या खालच्या तोंडाला सुती फडकं बांधा. विहीर आटतच नाही? मग बोअरचं टोक वर राहिलंय, ते विहिरीच्या तळापेक्षा खाली न्या. चार-पाच जणांनी पंप दाबल्यावर विहीर कोरडी पडते, तेव्हा लेकरं एकदम गप्प होतात. तिथं लगेच भाषण सुरू करू नका. ‘आता काय करायचं?’ एवढंच विचारा, कुणीतरी तांब्या उचलतंच.

टाकी सहा वर्षांच्या लेकराच्या छातीएवढ्या उंचीवर हवी. बांबूच्या मचाणावर पाण्याचा ड्रम मुळीच नको, २०० लिटर म्हणजे २०० किलो वजन डोक्यावर. नळ चालू ठेवून पाऊस दाखवू नका, उपसलेलं पाणी बादलीत धरून तेच पुन्हा वापरा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, डोंगर गोणपाटाचा करा.

विसर्जनानंतर टाकी मोडू नका, जवळच्या शाळेला द्या.