स्की रिसॉर्टची रोड ट्रिप: आधी घाट बघा, मग हॉटेल

आल्प्समध्ये एकाच ट्रिपमध्ये दोन-तीन स्की रिसॉर्ट करायचे असले की बहुतेक लोक आधी हॉटेलं बुक करून टाकतात आणि मग मॅप उघडतात, आणि तिथेच घोळ होतो. कारण प्लॅनिंग आपण करतो उन्हाळ्यात, तेव्हा मॅप उन्हाळ्याचा रस्ता दाखवतो, आणि हिवाळ्यात त्यातले बरेच घाट चक्क बंद असतात. म्हणजे फाटक लावून बंद, हळूहळू जाऊ वगैरे काही चालत नाही.

समजा ऑस्ट्रियातलं सेंट अँटन आणि मग स्वित्झर्लंडमधली दाव्होस, सेंट मोरिट्झ, झरमॅट अशी रिसॉर्ट करायचीयत. ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडला जाणारा पहिला टप्पा सोपा आहे, साधारण १४ किमीचा आर्लबर्ग बोगदा आणि पुढे हायवे. फक्त बोगद्याचा टोल वेगळा आणि हायवेचं विन्येट (म्हणजे टोलचा पास) प्रत्येक देशाचं वेगळं, स्वित्झर्लंडचं तर थेट वर्षाचंच घ्यावं लागतं, ४० फ्रँक. भाड्याची गाडी ऑस्ट्रियातून घेतली असेल तर ते गाडीला असेलच असं समजू नका, आणि गाडी बॉर्डरपार न्यायची परवानगी आहे का तेही बुकिंग करतानाच विचारून घ्या.

खरी गंमत दाव्होसनंतर, सेंट मोरिट्झकडे जाताना. फ्लुएला घाट हिवाळ्यात बंद, म्हणून क्लोस्टर्सजवळ गाडी चक्क ट्रेनवर चढवायची, आपण गाडीतच बसून राहायचं, आणि १९ किमीच्या फेराइना बोगद्यातून पलीकडे झाग्लिआन्सला उतरायचं, वीसेक मिनिटांत काम होतं. दुसरा पर्याय ज्युलियर घाट, २२८४ मीटर उंच असूनही तो वर्षभर चालू ठेवतात, पण जोराचा बर्फ पडला की तोही थोडा वेळ बंद होऊ शकतो, त्यामुळे हवा खराब असेल तर मी तरी ट्रेनच घेईन.

सेंट मोरिट्झहून झरमॅटला जाताना ओबरआल्प आणि फुर्का हे दोन्ही घाट बंद. ओबरआल्पसाठी सेद्रुनहून आंदरमॅटला कार ट्रेन चालू आहे का ते आधी तपासा, फेऱ्या मोजक्याच आणि आधी बुकिंग लागतं, त्यामुळे या ट्रेनची वेळ पक्की करा आणि मगच त्या दिवसाचं हॉटेल ठरवा. पुढे फुर्कासाठी रेआल्प ते ओबरवाल्ड परत कार ट्रेन. आणि झरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना एंट्रीच नाही, गाडी टेशला पार्क करायची आणि शेवटचे पाच किमी शटल ट्रेनने. या दिवशी स्कीइंग ठेवूच नका, अख्खा दिवस रस्त्यातच जातो.

आता गाडी. तापमान ७ डिग्रीच्या खाली गेलं की समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि ग्रिप जाते, म्हणून विंटर टायर हवेतच, टायरवर डोंगरात बर्फाच्या कणाचं चिन्ह आहे का बघा. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ असेल तर कायद्यानेच लागतात, ट्रेड म्हणजे टायरच्या खाचांची खोली किमान ४ मिमी. फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणून निवांत राहू नका, ती गाडी पुढे ढकलायला मदत करते, थांबवायला नाही.

आणि चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांना लावायची साखळी. माझी पहिली चेन मी अंधारात, चढावर, मागून हॉर्न वाजत असताना लावली, पाऊण तास गेला, बोटं बधिर, आणि मग कळलं की गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे आणि आपण चेन मागच्या चाकांना घातलीय! तर चेन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायची, फोर व्हील असेल तर मॅन्युअल बघायचं. निघायच्या आधी कोरड्या जागी एकदा लावून-काढून बघा, वॉटरप्रूफ हातमोजे आणि हेडलॅम्प चेनच्या पिशवीतच ठेवा, थोडं पुढे गेल्यावर थांबून परत ताणून घ्या, स्पीड ५० च्या वर नको. डांबर दिसायला लागलं की काढा.

उतारावर सारखा ब्रेक दाबत बसू नका, गिअर खाली आणा. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर जो रस्ता नुसता ओला वाटतो तो बर्फ असू शकतो. शनिवारी सगळ्यांची हॉटेलं बदलतात, ट्रॅफिक भयानक, शक्य असेल तर तो दिवस प्रवासासाठी टाळाच. कुठे अडकून पडलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरच्या पाइपभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वासही नसतो.

रात्री पार्क करताना वायपर उभे करून ठेवा, सपाट जागा असेल तर हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवा कारण हँडब्रेक गोठून बसू शकतो. सकाळी फक्त काच नाही, टपावरचा बर्फही पाडा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा घसरून समोरच्या काचेवर. आणि स्की बूट डिकीत टाकू नका, आत पायाशी हीटरजवळ ठेवा, थंड बूट दगडासारखे होतात आणि पाय आत जाता जात नाही.