मोठ्या बोअरच्या एअर रायफलसाठी शिशाच्या गोळ्या कशा ओताव्यात

वितळवायचं भांडं, थर्मामीटर, पळी, साचा, लाकडी मोगरी, चामड्याचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बंद बूट हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, एअर रायफलीला परवाना लागतो की नाही, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. तेही तुम्ही पाहिलेले असतील. आता कामाचं बोलू.

पहिल्या दिवशी मी साठेक गोळ्या ओतल्या आणि साठच्या साठ सुरकुतलेल्या निघाल्या. वाळलेल्या खारका बऱ्या दिसतात. सल्ले भरपूर मिळाले: शिसं वाईट आहे, आच वाढव, साच्याला काजळी धर, साचाच बदल. यातला एकही उपयोगी पडला नाही. खरं कारण कळायला तीन रविवार गेले, म्हणून या लेखात त्या कारणालाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

शिसं

एअर रायफलीला मऊ शिसं लागतं. दारूच्या बंदुकीसाठी गोळ्या ओतणारे लोक कठीण मिश्रधातूचा आग्रह धरतात आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर असतं. त्यांच्या रायफलीत दाब तीन हजार बारच्या वर जाऊ शकतो, मागून पेटलेला वायू येतो आणि मऊ शिसं नळीला लिंपलं जातं. आपल्याकडे टाकीत हवा असते २०० ते २५० बारची, आणि प्रसरण पावताना ती उलट थंड होते. एवढ्याशा रेट्याने गोळीला नळीतल्या खाचांमध्ये बसवायचं असतं. गोळी कठीण असेल तर बराच जोर घासण्यातच जातो आणि कडेने हवाही निसटते. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता (धातू किती कठीण आहे ते सांगणारा आकडा) ५ च्या आसपास असते. ती ८-९ च्या वर गेली की मी ते शिसं बाजूला ठेवतो.

जुने शिशाचे पत्रे आणि पाइप उत्तम. नखाने सहज ओरखडा उठला की समजायचं, माल मऊ आहे. गाडीच्या चाकाला लावायच्या वजनांमध्ये अँटिमनी असतं, त्यामुळे ती कठीण. शिवाय हल्ली त्यांत जस्ताचीही निघतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि जस्त ४१९ अंशांना, त्यामुळे भंगार वितळवताना तापमान ३७० च्या वर जाऊ दिलं नाही तर जस्ताचे तुकडे तरंगत राहतात आणि झाऱ्याने उचलता येतात. जस्त एकदा विरघळलं की रसाची लापशी होते, आणि ती साच्यात नीट भरत नाही.

बॅटरीतल्या प्लेटा वितळवू नका. कोणी कितीही स्वस्तात दिल्या तरी नाही. त्यांत आम्ल असतं, आणि त्यांच्या मळीतून आर्सेनिक व अँटिमनीचे विषारी वायू निघू शकतात. यावर मी वाद घालत नाही.

भंगाराची सफाई आणि गोळ्या ओतणं ही दोन वेगळी कामं, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या भांड्यात. भंगार उघड्यावर वितळवा, वाटाण्याएवढं मेण टाका (भडका उडतो, दचकू नका), कोरड्या लाकडी दांड्याने तळापासून ढवळा, वरची मळी काढा आणि वड्या पाडा. झालं.

ही काढलेली करडी भुकटीच सगळ्यात घातक. लोक शिशाच्या वाफेला भितात. पण शिसं उकळायला १७४९ अंश लागतात, आणि आपल्या तापमानाला त्याची वाफ नगण्य असते. अंगात शिसं जातं ते या भुकटीतून, हातावाटे तोंडात. ती झाकणाच्या डब्यात बंद करा, कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. काम संपेपर्यंत खाणं, पाणी, विडी-सिगारेट काही नाही. मुलं आणि गरोदर बाई त्या जागेच्या जवळपासही नकोत. कपडे वेगळे धुवायचे.

आणि पाणी. तापलेल्या शिशाच्या पोटात एक थेंब गेला तर त्याची वाफ होऊन तो साधारण सतराशे पट फुगतो आणि भांड्यातलं सगळं शिसं छतापर्यंत उडवतो. माझ्या जुन्या चष्म्याच्या काचेवर अजून शिशाचा एक ठिपका चिकटलेला आहे. रात्रभर बाहेर राहिलेली वडी मी तशीच भांड्यात सोडली होती. आता प्रत्येक वडी आधी भांड्याच्या कडेवर तापवतो आणि मगच आत सोडतो.

माप

रायफलमधली हवा पूर्ण सोडून द्या. मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने नळीतून हळूहळू ढकलून काढा आणि त्याच्यावर उमटलेल्या उंच कडांचं माप मायक्रोमीटरने घ्या. तो खाचांचा व्यास. गोळी तेवढीच हवी, किंवा फार तर अडीच शतांश मिलिमीटरने मोठी. रायफलवर छापलेल्या आकड्यावर विसंबून साचा मागवू नका.

पहिला साचा गोल गोळीचा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेली गिरार्डोनी एअर रायफलसुद्धा शिशाची गोल गोळीच झाडायची. गोल गोळीला बूड नसतं, त्यामुळे चुकायला एक जागा कमी. ११.६ मिलिमीटरची शुद्ध शिशाची गोळी ९.३ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे सुमारे १४३ ग्रेन. ती जमली की लांब गोळीकडे वळा.

साचा, आणि माझे तीन रविवार

सुरकुत्या पडतात त्या साचा थंड असतो म्हणून. नव्वद टक्के वेळा एवढंच असतं.

रस साच्यात शिरतो आणि थंड भिंतीला टेकताक्षणी त्याचा पापुद्रा गोठतो. मागून येणारा रस त्या पापुद्र्यावर चढतो. या दोन थरांची शिवण म्हणजेच सुरकुती. भांड्यातला रस ४०० वरून ४५० वर नेला तरी फारसा फरक पडत नाही, कारण त्या चिमूटभर शिशात साच्याचा ठोकळा तापवण्याइतकी उष्णताच नसते. साचा तापतो तो एकामागून एक ओतत राहिल्याने. आणि नेमकं हेच मी करत नव्हतो. गोळी पाडायची, चिमट्याने उचलायची, उजेडात धरून न्याहाळायची, "ही पण गेली" म्हणायचं, मग पुढची. या कौतुकात अर्धा मिनिट जायचा आणि तेवढ्यात ॲल्युमिनियमचा साचा निवून जायचा. तिसऱ्या रविवारी वैतागलो आणि गोळ्यांकडे बघणंच सोडून दिलं. भराभर ओतत सुटलो, आणि पंधराव्या-सोळाव्या गोळीपासून माल आरशासारखा निघायला लागला.

म्हणून ओतताना गोळ्या तपासायच्या नाहीत. जाड दुमडलेल्या सुती कापडावर पडू द्या. तपासणी शेवटी.

आता हे क्रमाने सांगतो. साचा नवा असेल तर आधी गरम पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून काढा, आणि पूर्ण वाळवा. कारखान्यातून येताना त्याला तेल असतं, आणि सुरकुत्यांची उरलेली दहा टक्के कारणं त्या तेलात असतात. लोखंडी साच्याला काम संपल्यावर गंज लागू नये म्हणून तेल लावावंच लागतं. पुढच्या वेळी ते पुन्हा उतरवायला विसरू नका.

काजळी धरायची नाही. मेणबत्तीवर साचा काळा करायचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. काजळीमुळे गोळी सुटते सोपी, पण तिचा व्यास कमी होतो, तोही सगळीकडे सारखा नाही. आपण अडीच शतांशाच्या गोष्टी करतोय. गोळी अडकत असेल तर साच्याच्या आत कुठे बारीक कूस आलीय ते बघा.

मग साचा आधीच तापवा. मी छोट्या हॉटप्लेटवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर साचा ठेवतो, दहा-पंधरा मिनिटं. हॉटप्लेट नसेल तर साच्याचा एक कोपरा रसात बुडवून धरा. शिसं कोपऱ्याला चिकटून बसलं तर साचा अजून थंड. स्वच्छ ओघळून गेलं तर तयार. साच्यावर थेट गॅसची ज्योत मारून तो तापवू नका, तो वाकडा होतो, आणि वाकडा साचा सरळ होत नाही.

रस किती तापवायचा? शुद्ध शिशाला मी ४१० ते ४२० ठेवतो. शंभरात एक-दोन भाग कथील घातलं तर ३९० पुरतं, कारण कथिलाने रसाचा ताण कमी होतो आणि तो बारीक कडांत नीट शिरतो. दोन टक्क्यांच्या वर कथील घालण्यात अर्थ नाही, गोळी उगाच कठीण होते.

साच्याच्या माथ्यावर भोक असलेली फिरती पट्टी असते, तिला मी कापपट्टी म्हणतो. तिच्या भोकातून एका दमात, न थांबता ओता आणि वर चांगला फुगीर गड्डा राहू द्या. इथे कंजुषी करणारे फसतात. शिसं गोठताना सुमारे तीन टक्के आकसतं, आणि ती तूट भरून काढायला वर द्रव शिसं लागतं. गड्डा चिमुकला असेल तर गोळीच्या बुडात पोकळी राहते. बाहेरून दिसत नाही, निशाण्यावर दिसते.

आता त्या गड्ड्याकडे बघा. सगळी माहिती तिथे आहे. त्याची चकाकी जाऊन तो मळकट झाला की तो गोठला. हे ओतताक्षणी झालं तर साचा थंड आहे, वेग वाढवा. चार ते सहा सेकंद लागले तर नेमकं जमलंय. दहा सेकंद उलटले तरी हलतोय, तर साचा फार तापलाय. मग दोन-तीन खेपांमध्ये थोडं थांबा, पण साचा पाण्यात बुडवू नका. गोठल्यावर आणखी दोन सेकंद जाऊ द्या आणि मग कापपट्टी मोगरीने फिरवा. घाई केली तर शिसं पट्टीखाली लिंपलं जातं, पट्टी उचलली जाते आणि पुढच्या प्रत्येक गोळीच्या बुडाला पापुद्रा येतो. लिंपलेलं शिसं साचा गरम असतानाच लाकडी काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हर लावलात तर साचा संपला.

साचा उघडून गोळी पडली नाही तर मुठींच्या बिजागरीवर मोगरीने टिचकी मारा. ठोकळ्यावर कधीच नाही.

गोळीवर दंव पडल्यासारखी पांढुरकी छटा आली तर साचा जरा जास्त तापलाय. नवशिके याला घाबरतात आणि थांबतात, म्हणजे पुन्हा थंड साचा, पुन्हा सुरकुत्या. हलकी, सारखी पसरलेली छटा असेल तर गोळी चालते. मला तर चकचकीतपेक्षा तीच आवडते, कारण ती कडांपर्यंत भरलेली असते.

भांडं निम्मं झालं की ओतणं थांबवून गड्डे परत भरा, ढवळा, रस पुन्हा तापू द्या. मधल्या वेळात साचा हॉटप्लेटवर. त्यानंतरच्या पहिल्या चार-पाच गोळ्या न बघता भांड्यात परत.

निवड

गार झाल्यावर आधी बूड बघा. लांब गोळीच्या बुडाची कड सगळीकडून धारदार हवी. नाकावरचा ओरखडा मी माफ करतो, गोल झालेली बुडाची कड नाही. नळीतून बाहेर पडताना हवेचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो आणि कड वाकडी असेल तर गोळी तिथेच तिरकी होते.

मग वजन. ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर सगळ्या तोला. बहुतेक गोळ्या एका वजनाभोवती जमतात, काही हलक्या निघतात. त्या पोकळीवाल्या. १४३ ग्रेनच्या गोळीत मी एका ग्रेनहून जास्त तफावत ठेवत नाही.

माप जास्त असेल तर साइझिंग डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी भोकातून, दाबून काढा. वंगण बोटाला लागेल न लागेल इतकंच. दारूच्या बंदुकीसारखं खाचा भरून मेण लावायची इथे गरज नाही, ते फक्त नळीत साचतं.

मऊ गोळ्या डब्यात खुळखुळू देऊ नका, बुडाच्या कडा चेपतात. मी त्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांत उभ्या ठेवतो आणि डब्यावर शिशाचं मिश्रण, तारीख आणि सरासरी वजन लिहितो. बाद झालेल्या सगळ्या पुढच्या खेपेला भांड्यात जातात. परवाच्या दोनशेतल्या एकतीस गेल्या, त्यातल्या पंधरा तर साचा तापायच्या आधीच्या.