मलप्रभेत सोनं चाळायला निघालाय? आधी घरी परात धरा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची पोरं मलप्रभा नदीत सोनं कसं शोधायचं ते विचारतात म्हणून लिहितोय. १९५७ च्या खनिज कायद्यानं परवान्याशिवाय खनिज शोधणंसुद्धा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत जेल होऊ शकते, आणि तिथल्या भीमगड अभयारण्यातला तर दगडही उचलू नका. पण हात बसवायला घरचं अंगण बास की! परातीत विकतची वाळू घ्या, मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाचे बारीक तुकडे मोजून टाका, पाण्यात बुडवून गदागदा हलवा म्हणजे जड माल तळाला बसतो, मग परात जराशी तिरकी धरून वरची वाळू हळूहळू वाहू द्या, घाई केली की शिसंपण जातं, माझं पहिल्यांदा सगळं गेलं. शेवटी काळी वाळू उरते, ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या लोहचुंबकानं उचला, तुकडे परत मोजा. सोनं पाण्याच्या १९ पट जड, शिसं ११ पट, म्हणजे शिसं टिकलं तर सोनंही टिकेल. नंतर हात साबणानं धुवाच.